चाऱ्यावर खुराक

आमच्या घरात 'फॅट' हा फार लाडका शब्द आहे. सकाळी पप्पा डेअरीवर दूध घालून परत आले की मम्मी चहाच्या आधी दुधाची फॅट विचारते. "किती लागली?" पप्पा "चार" म्हणाले की चहात आलं पडतं. "तीन-दोन" म्हणाले की भांडी जरा जोरात वाजतात. त्यामुळे नगरला, सावेडीतल्या दवाखान्यात, डॉक्टर जेव्हा पप्पांना म्हणाले, "सूर्यभानराव, आधी फॅट कमी करा, मग ऑपरेशनचं बघू," तेव्हा पप्पा त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांनी गोठा पेटवायला सांगितलाय.

"सायेब," पप्पा म्हणाले, "आमच्याकडं फॅट कमी झाली की घरात कोन कुनाशी बोलत न्हाई."

डॉक्टर हसले. मीही हसले. मम्मी नाही हसली.

दवाखान्यात का गेलो होतो ते सांगते. पप्पांच्या बेंबीच्या वर एक गाठ आहे, लिंबाएवढी. आडवे झाले की ती आत जाते, खोकले की बाहेर येते आणि दुधाचा कॅन उचलला की चांगली मोसंबी होते. वर्षभर पप्पा तिच्याकडे बघतच नव्हते. मग दिवाळीनंतर एकदा गोठ्यात कॅन उचलता उचलता ते मटकन खाली बसले, चेहरा पांढराफटक, आणि मला म्हणाले, "काय न्हाई, पाय घसरला." जमीन ठणठणीत कोरडी होती.

"हा हर्निया," डॉक्टरांनी गाठीवर बोट ठेवून सांगितलं. "इथला पडदा फाटलाय, त्यातून आतडं डोकावतंय. आत्ता केलं तर सोपं काम आहे. पण एवढ्या वजनावर टाके घातले तर पुन्हा उसवतील. आज चौऱ्याण्णव भरलात. नव्वदच्या आत या, लगेच तारीख देतो. फक्त उशीर करू नका. एखाद दिवशी ते आतडं अडकून बसलं तर धावपळीत कापावं लागेल, आणि ते मला नकोय."

नव्वदच्या आत. मी हा आकडा मनात असा लिहून ठेवला की स्वप्नातही कुणी विचारलं तर सांगितला असता.

मग शेजारच्या खोलीत आहाराचं सांगणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी विचारलं, "दोन जेवणांच्या मधे काय खाता?"

"काय न्हाई," पप्पा म्हणाले.

"काय न्हाई?" मम्मी उसळलीच. "डेअरीवर खारी, चौकात भेळ, दुपारच्या च्याला बिस्किटाचा पुडा. गायीला वैरन टाकताना बी एका हातात फरसान असतंय ह्यांच्या."

"मग तेवढंच बंद करा," ताई म्हणाल्या. "त्याच्या जागी प्रोटीन असलेलं, पोट भरणारं खा. फुटाणे, मोडाची मटकी, मूग, दही, पनीर. अंडी चालत असतील तर अंडी."

पप्पांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. अंडी बाद.

"हरकत नाही. बाकीचं पुष्कळ आहे. प्रोटीननं पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं. मग जेवायला बसलं की आपोआप दोन घास कमी जातात."

मी ऐटीत मान डोलावली. कारण ही सगळी मोहीम आता माझी होती. मी राजनंदिनी, दहावीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई मला गैरहजर लावायच्या. पण यंदा श्रीगोंद्याला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला, आणि विषय होता 'संतुलित आहार'. परीक्षक म्हणाले, "मुलीची शब्दसंपत्ती उत्तम आहे." तेव्हापासून मला गप्प बसवणं अवघड झालंय, असं मम्मी म्हणते. मला वाटतं, सोळा वर्षांचं साठलेलं आहे, वेळ लागणारच.

येताना एसटीत मम्मीनं विचारलं, "ती बाई काय म्हनली गं? ते मधल्या टायमाचं खायचं, त्याला काय म्हनायचं?"

"हाय प्रोटीन स्नॅक."

"स्नॅक म्हंजे बिस्कीटच ना? ते तर बंद म्हनली."

आता उत्तम शब्दसंपत्ती असलेल्या मुलीनं काय करावं? अल्पोपाहार म्हणावं तर ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमासारखं वाटतं. फराळ म्हणावं तर पप्पा लगेच चकली मागतील. खाऊ म्हणावं, तर सूर्यभान नावाच्या एवढ्या मिश्या असलेल्या माणसाला खाऊ? घोगरगाव मागे गेलं, मांडवगणचा फाटा गेला, आणि मला एकदम सुचलं.

"खुराक! मम्मी, पप्पांना खुराक सुरू करायचा. प्रोटीनचा."

मम्मीचा चेहरा उजळला. "खुराक व्हय! मग असं सांग की. ते मला कळतंय."

पप्पा खिडकीतून बाहेर उसाकडे बघत होते. ते नुसते मिशीत हसले. मला माझा फार अभिमान वाटला. एका शब्दात मी अख्खा दवाखाना आमच्या गोठ्यापर्यंत आणून पोचवला होता.

आता कुठला खुराक, हे ठरवायचं होतं. माझी बाकावरची मैत्रीण कैनात आणि मी तिच्या अब्बांच्या, म्हणजे खाजाभाईंच्या, पशुखाद्याच्या दुकानात मोबाईल घेऊन बसलो. दुकानात सरकी पेंडीचा वास, मागे पोत्यांची थप्पी, आणि आम्ही पोत्यावर पाय सोडून. पहिल्याच व्हिडिओत एक दादा म्हणाला, शेंगदाणे म्हणजे गरिबाचे बदाम, बिनधास्त खा. दुसरा दादा म्हणाला, शेंगदाणे खाल तर पोट पुढे पळेल आणि तुम्ही मागे. एक ताई म्हणाली, भूक लागली की खजूर खा. तीच ताई, तोच पडदा मागे लावून, दुसऱ्या व्हिडिओत म्हणत होती की खजूर म्हणजे साखरेचा गोळा. एक म्हणाला पनीर, पण घरचं, पण साय काढलेल्या दुधाचं, पण संध्याकाळी नको. एक म्हणाला संध्याकाळीच. एकाने तर काहीच सांगितलं नाही, फक्त शर्ट काढून दाखवला.

"मूठभर म्हणतात सगळे," मी म्हणाले. "पण मूठ कुणाची? माझी की पप्पांची? पप्पांच्या मुठीत माझ्या तीन बसतील."

"एक काम कर," कैनात म्हणाली. "ह्या सगळ्यांना एका खोलीत कोंड. भांडून जो जिवंत बाहेर येईल त्याचं ऐक."

खाजाभाई तिकडून म्हणाले, "अरे पोरींनो, प्रोटीन प्रोटीन काय लावलंय? हे बघा." त्यांनी एका पोत्यावर थाप मारली. "प्रथिने बावीस टक्के. छापलंय. तुमच्या त्या शर्ट काढलेल्याच्या अंगावर छापलंय का काही? सूर्यभानला एक पोतं देऊ पाठवून?"

"अब्बा!" कैनात ओरडली.

तेवढ्यात पप्पा आलेच. गोठ्यातून तसेच, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून, पेंड न्यायला. आमच्या घरी माणसांचं वजन करायचा काटा नाही, म्हणून मी त्यांना खाजाभाईंच्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. लाल आकडे पळाले आणि थांबले. शहाण्णव.

"दोन पोत्यांना चार किलो कमी!" खाजाभाईंनी जाहीर केलं. पन्नास किलोचं एक पोतं, त्यामुळे त्यांचं सगळं जग पोत्यात चालतं.

"पण दवाखान्यात चौऱ्याण्णव होते," मी म्हणाले.

"दवाखान्याचा काटा माणसांचा," खाजाभाई म्हणाले. "माणसं श्वास धरत्यात. माझा काटा पोत्यांचा. पोतं खोटं बोलत न्हाई."

पप्पा उतरले आणि पेंडीचं पोतं उचलायला वाकले. मी एवढ्या जोरात "पप्पा!" म्हणाले की रस्त्यावरचा एक माणूस थांबला. पोतं खाजाभाईंनी गाडीवर टाकलं.

घरी गेल्यावर पप्पांनी एक शंका काढली आणि तिनं माझी झोप उडवली.

"नंदे, तू हुशार हायेस म्हनून इचारतो. गायीला सरकी पेंड कशाला देतो आपन?"

"तिच्यात प्रोटीन असतं म्हणून."

"आन् पेंड वाढवली की काय वाढतंय?"

"फॅट."

"हां. मग मला प्रोटीन देऊन माझी फॅट कमी कशी व्हनार?"

तालुक्यात दुसरी आलेली मी, आणि मला उत्तर येईना. कारण गोठ्यात ते अगदी खरं होतं! विज्ञानाचं पुस्तक काढलं, त्यात गायीबद्दल काही नव्हतं. कैनातला विचारलं, ती म्हणाली, "थांब, मलाच आता भीती वाटायला लागलीय."

मम्मी भाकरी थापता थापता म्हणाली, "गायीची फॅट दुधावाटं निघून जाती. तुमची कुठनं जानार?"

पप्पा हसले, पोटावर हात दाबून. पण माझ्या डोक्यातला गोंधळ काही गेला नाही.

शेवटी मी व्हिडिओ बघायचे बंद केले आणि ताईंनी सांगितलेल्या गोष्टींवरच परत आले. सकाळी साली असलेले फुटाणे. दुपारच्याला मोडाची मटकी, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू. संध्याकाळी दही फडक्यात बांधून केलेला चक्का, त्यात जिरं आणि मीठ, साखर नाही. मम्मीला सगळं एकदा तोंडी सांगितलं. तिनं हो म्हणून खुराकासाठी एक वेगळं प्लॅस्टिकचं माप आणलं, निळं. मला वाटलं, वा, मुठीचा प्रश्न सुटला.

पप्पा तर आदर्श होते. एक शब्द बोलले नाहीत. खारी बंद, भेळ बंद. मी शाळेतून आल्यावर विचारायचे, "खुराक खाल्ला?" ते म्हणायचे, "खाल्ला की. लई झ्याक." वर्गात मी सांगायचे, बघा, माणसाला समजावून सांगितलं की तो बदलतो. बाईंनी तर मला परिपाठाला पाच मिनिटं बोलायला लावलं.

पुढच्या वेळी काट्यावर पप्पा उभे राहिले. सत्त्याण्णव.

"दोन पोत्यांना तीनच कमी!" खाजाभाई ओरडले, आणि मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे, जवळजवळ चार."

"काटा बिघडलाय," मी म्हणाले.

"माझा काटा बिघडला तर सगळ्या गावाच्या गायी बिघडल्या म्हन की."

मी खूप विचार केला. ताई म्हणाल्या होत्या, प्रोटीननं भूक कमी होते. वजन वाढलंय म्हणजे भूक कमी झालेली नाही. म्हणजे प्रोटीन कमी पडतंय! मी लगेच मटकीत सोयाबीनच्या वड्या घालायला सांगितल्या आणि फुटाण्यांबरोबर भाजलेले शेंगदाणे. माप तेच, निळं, फक्त आता शिगोशीग.

अठ्ठ्याण्णव.

कैनात माझ्या शेजारी पोत्यावर बसली आणि तिनं माझा हात धरला. मला रडू यायला लागलं होतं आणि पेंडीचा वास डोळ्यांत गेलाय असं मी दाखवत होते. मी काय चुकले? फुटाण्यात चूक आहे का? मटकीत? का पप्पांची शंकाच खरी होती, की आमच्या घरात गाय काय आणि माणूस काय, पेंड घातली की फॅट वाढणारच? परिपाठाला बोलायला मी नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजारी आहेस का?"

शनिवारी शाळा सकाळची असते. त्या शनिवारी शेवटचा तास झाला नाही, म्हणून मी आणखी लवकर घरी आले. गोठ्यात मम्मी होती. बुट्टीतून ती गायींपुढे खुराक ओतत होती, एकेकीला एकेक माप. ओळीनं. शेवटची गाय झाली आणि तिनं निळं माप घेतलं, मटकीनं भरलेलं, वर सोयाबीनच्या वड्या, आणि बाजेवर बसलेल्या पप्पांपुढे ठेवलं. आम्ही गायीला घालतो तसंच. हातसुद्धा तसाच झटकला.

पप्पांनी ते सगळं खाल्लं. शांतपणे, बराच वेळ चावून.

मी खुश झाले. मग मम्मी म्हणाली, "चला, आता जेवून घ्या." आणि तिनं ताट आणलं. ताटात अडीच भाकऱ्या, पिठल्याचा ढीग, कांदा, ठेचा, वर तेल.

"मम्मी!" मी दप्तर टाकलं. "आत्ताच तर खाल्लं त्यांनी!"

"तो खुराक हुता," मम्मी म्हणाली, जशी मी अडाणी आहे. "हे जेवन हाय."

"पण खुराक खाल्ल्यावर जेवण कमी द्यायचं ना! ताई म्हणाल्या होत्या, त्याच्या जागी..."

"नंदे, तूच म्हनलीस खुराक. खुराक चाऱ्याच्या जागी असतो का कुठं? खुराक चाऱ्यावर असतो. चारा पोटभर, वर खुराक. जन्म गेला माझा गोठ्यात, मला शिकवतीस? आन् तालमीतल्या पोरांचं काय असतंय? तीन येळंचं जेवन आन् वर खुराक. मी म्हनलं बी ह्यांना, दवाखान्यातली बाई खुळी का काय, वजन कमी करायला खुराक सांगती. पर तू म्हनलीस म्हनल्यावर..."

मी बाजेवर बसले. उत्तम शब्दसंपत्ती! अल्पोपाहार काय वाईट होता? ग्रामपंचायतीचा वाटला असता, वाटू द्यायचा होता. मी एवढा विचार करून, एवढ्या शब्दांतून, नेमका तोच एक शब्द उचलला होता ज्याचा अर्थ आमच्या घरात 'आणखी खा' असाच होतो.

आणि मग मला आणखी एक गोष्ट सुचली. मम्मी चुकली, ठीक आहे. ती माझ्या शब्दावर गेली. पण पप्पा? पप्पा तर त्या खोलीत होते. ताईंचं बोलणं त्यांनी स्वतः ऐकलं होतं.

"पप्पा, तुम्हाला माहीत होतं?"

पप्पा समोरच्या गायीच्या कानाकडे बघत होते.

"पप्पा, खाजाभाईंच्या काट्यावर तुम्ही गमबूट का घालून चढता?"

"चिखल असतोय."

"दुकानात कुठला चिखल?"

पप्पांनी ताट बाजूला सरकवलं. मम्मी बुट्टी हातात धरून तशीच उभी राहिली.

"नव्वदच्या वर हाय तवर कोन कापत न्हाई मला," पप्पा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, "म्हणजे?"

"सोनीला काय म्हनला हुता डॉक्टर? किरकोळ हाय. वासरू काढतो, टाके घालतो, अर्ध्या तासात उभी ऱ्हातीय." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तू शाळेत हुतीस. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो हुतो. ती माझ्याकडंच बघत हुती, नंदे. न्हाई उभी ऱ्हाइली."

सोनी आमची सगळ्यात जुनी गाय. मागच्या उन्हाळ्यात मी शाळेतून आले तेव्हा तिची दावण मोकळी होती. मला एवढंच सांगितलं होतं की गेली.

आता मी चिडायचं की नाही, हे मला समजेना. एवढा मोठा माणूस, साप आला तर काठी घेऊन पुढे जाणारा, आणि माझी मटकी खाऊन खाऊन, गमबूट घालून, स्वतःचं वजन वाढवत बसलेला! मला ओरडायचं होतं आणि त्यांच्या गळ्यात पडायचं होतं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही. भाषणात मी कधी अडले नव्हते. तिथं अडले.

"सोनीला..." मी म्हणाले. "सोनीचं ऑपरेशन कधी केलं?"

"वासरू अडल्यावर."

"अडल्यावर लगेच डॉक्टरला बोलवलं?"

"सकाळपास्नं वाट बघितली. म्हनलं व्हईल आपोआप. लई व्याली हुती ती. डॉक्टर आला तवर ऊन कललं हुतं."

"आणि तुमच्या डॉक्टरांना काय नकोय म्हणाले होते?"

पप्पांचा हात नकळत गाठीवर गेला.

"अडल्यावरचं," मम्मीनंच सांगितलं. तिनं बुट्टी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "ती बघा, बुगडी. व्यायला दोन म्हयनं हायेत तर आटवली ना तिला? धार बंद केली, खुराक मापात आनला. शेजारचा म्हनला, दूध देती तवर काढून घ्या. तुमी त्याला काय म्हनलात? म्हनलात, आधी तिची तयारी करू दे, मंग पुढचं सोपं जातंय. गायीला येवढं कळतंय तुमच्या. सवताला न्हाई?"

"मी काय भाकड हाय का, मला आटवायला?"

"आटवलेली म्हंजे भाकड न्हवं. तुमीच सांगता सगळ्या गावाला."

पप्पांना हसू आलं. पोट दाबून हसले, मग हसता हसता डोळे पुसले, आणि मला कळेना की नेमकं काय पुसलं. त्यांनी ताट परत ओढलं. त्यातली एक भाकरी उचलून मम्मीच्या हातात दिली. नंतर थोडा विचार करून अर्धी आणखी दिली.

"खुराक खाल्लाय मी," ते म्हणाले. "येवढं पुरं."

त्यानंतर 'खुराक' शब्द घरात बंद झाला. मम्मी आता त्याला 'तुमचं आटवायचं' म्हणते. "अहो, आटवायचं ठेवलंय बाजेवर!" पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणते. निळं माप गोठ्यात गेलं, आणि पप्पांसाठी वाटी आली, साधी, आमटीची. फुटाणे किंवा मटकी मधल्या वेळेला, जेवणाच्या तोंडावर नाही. शेंगदाणे थोडे, माझ्या मुठीनं. जेवायला एक भाकरी आणि पालेभाजी भरपूर. दुधाचे कॅन मी आणि मम्मी दोन्हीकडून धरून उचलतो. मी शाळेत असले की खाजाभाई एखादं माणूस पाठवतात. पप्पा डेअरीपर्यंत चालत जातात आणि वाटेत सगळ्यांना सांगतात, "मला आटवलंय."

पहिले काही दिवस ते दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन डबे बघत उभे राहायचे. मग एकदा मटकी खाऊन झाल्यावर म्हणाले, "नंदे, अजबच हाय. सांज झाली तरी भूक न्हाई. बुगडी रवंथ करत बसती ना, तसं वाटतंय."

"प्रोटीन, पप्पा."

"ते असंल. पर मग फॅटचं काय, ते तू अजून सांगितलं न्हाईस."

नाहीच सांगितलं. मला अजून नीट कळलेलं नाही. खजुराचंही नाही. ताईंना फोन करून विचारणार आहे, पण विचारायच्या गोष्टी इतक्या झाल्यात की कुठून सुरू करू ते कळत नाही.

काल रविवार. पप्पा खाजाभाईंच्या दुकानाच्या पायरीवर थांबले. वाकायला नको म्हणून भिंतीला हात टेकवून, एका पायानं दुसरा, असे गमबूट काढले. खिशातून गाडीची किल्ली, पान्हा, दावणीची साखळी, मोबाईल सगळं काढून माझ्या हातात दिलं. टोपीसुद्धा. मग अनवाणी काट्यावर चढले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"दोन पोत्यांना नऊ कमी!" खाजाभाई ओरडले.

एक्क्याण्णव. नव्वदच्या आत नाही. मी पप्पांकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील, बघू पुढं, सुगी होऊ दे, बुगडी व्यायली की बघू.

पप्पांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. "दवाखान्याचा नंबर कंचा? सावेडीच्या?" मी बोट ठेवून दाखवला. रिंग वाजत होती आणि ते बाहेर चालत निघाले. "हॅलो, सायेब, मी सूर्यभान बोलतोय, हर्नियावाला. न्हाई, दुखत न्हाई... एकच किलो ऱ्हायलंय, तुमी तारीख धरून ठेवा, मी तवर उतरतो..."

"अरे सूर्यभान, बूट!" खाजाभाई ओरडले. पप्पांना ऐकूच गेलं नाही. ते अनवाणीच, टोपीशिवाय, डांबरी रस्त्यावरून बोलत चालले होते.

कैनातनं गमबूट उचलून काट्यावर ठेवले. मी वर किल्ली, पान्हा आणि साखळी टाकली. दोन किलो.

"म्हणजे तुझे पप्पा किती उतरले?" तिनं विचारलं. "दवाखान्यात चौऱ्याण्णव, आता एक्क्याण्णव. तीन."

"तीन कसे? मधे अठ्ठ्याण्णव झाले होते. त्यातले बुटांचे दोन काढ. शहाण्णव. म्हणजे पाच."

"माझ्या काट्यावर अठ्ठ्याण्णवचे एक्क्याण्णव झालेत," खाजाभाई म्हणाले. "सरळ सात. पोतं खोटं बोलत न्हाई."

"पण त्या पोत्याला बूट होते, अब्बा!"

आम्ही तिघं काट्याभोवती उभं राहून भांडत बसलो. तीन, पाच, सात. कुणाचंच कुणाशी जुळेना, आणि प्रत्येकाचं बरोबर वाटत होतं. शेवटी मी गमबूट काखेत मारले आणि पप्पांच्या मागे पळाले, कारण ऊन तापलं होतं आणि ते बोलता बोलता बरेच पुढे गेले होते.